लांबी कशासाठी हवी?

बाबा : लॅपटॉप जरा सरकव की. मटारच्या शेंगा कुठे ओतू, तुझ्या डोक्यावर?

मुलगी : ओता. तसंही रिकामंच आहे. तीन वाजता समितीत मतदान आणि माझ्याकडे धड मुद्दा नाही.

बाबा : दोन वर्षं भाषा बनवताय तुम्ही, आणि मुद्दा नाही?

मुलगी : प्रोग्रामिंगची भाषा, बाबा. त्यात मजकूर कसा ठेवायचा, ते माझं काम. मी म्हणते, मजकुराची ‘लांबी’ सांगणारी आज्ञाच काढून टाका. सगळे हसतात. प्रत्येक भाषेत ती आहे म्हणे, आपल्यालाच कसले डोहाळे?

बाबा : बरोबर आहे त्यांचं. लांबीने तुझं काय घोडं मारलंय?

मुलगी : हे बघा, ‘स्त्री’. किती अक्षरं?

बाबा : एक.

मुलगी : युनिकोडच्या हिशेबात सहा खुणा. मेमरीत अठरा बाइट. मग लांबी किती? कुणीतरी बाइट मोजून मधेच कापतो, आणि आईच्या दवाखान्याच्या कार्डावर अर्धं नाव नि पुढे चौकोन येतो.

बाबा : तो चौकोन त्यामुळे होय! तिथली नर्स तिला चौकोनताई म्हणते.

मुलगी : हसू नका. आज हरले तर आमची भाषाही हेच करणार. एकदा लोक वापरायला लागले की बदलता येत नाही.

बाबा : आमच्या छापखान्यात ‘स्त्री’ला शिशाच्या अक्षरांचे तीन खिळे लागायचे.

मुलगी : घ्या! चौथं उत्तर!

बाबा : ऐक तर. खिळे जुळवायला लागून आठवडाही झाला नव्हता. फोरमननी विचारलं, ओळ केवढी झाली? मी छाती फुगवून सांगितलं, चाळीस खिळे. ते म्हणाले, कशासाठी? कागदावर मावायला, खिळे पुरतात का बघायला, की वाचणाऱ्याला? आणि अख्खी ओळ मोडून टाकली.

मुलगी : अरे देवा! का?

बाबा : मी चाळीस मोजून तोडली होती ना. वेलांटी बिचारी एकटीच खालच्या ओळीत. तेव्हापासून आमच्याकडे कुणी ‘केवढी’ विचारलं, की आधी ‘कशासाठी’ विचारायची पद्धत पडली. मी मात्र वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही.

मुलगी : थांबा. परत सांगा.

बाबा : वर्षभर बोललो नाही...

मुलगी : ते नाही हो! त्याच्या आधीचं!

(साडेचार वाजता. मटार सोलून होत आले आहेत.)

मुलगी : बाबा, जिंकलो! एका मताने!

बाबा : गेली लांबी?

मुलगी : गेली. सगळ्यात जास्त हसणाऱ्यानेच शेवटचा हात वर केला. पण अट घातली, नुसती चूक दाखवून भागणार नाही. कुणी ‘लांबी’ लिहिलं, की भाषेने त्यालाच विचारायचं, ‘कशासाठी हवी? साठवायला, खुणा मोजायला, की वाचणाऱ्याला?’

बाबा : हा तर फोरमनचा प्रश्न.

मुलगी : त्यांचाच. तुमची गोष्टच सांगितली मी सगळ्यांना. बाबा... रडताय?

बाबा : मटार सोलताना कुणी रडतं का? बरं वाटलं गं, फार बरं वाटलं. त्यांचं बरोबर होतं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. आणि आता ते नाहीत.

मुलगी : आता जगभर कुणी ना कुणी रोज त्यांचा प्रश्न वाचेल.

बाबा : पण अर्धाच घेतलास तू. ते ‘कशासाठी, गाढवा?’ म्हणायचे.

मुलगी : ते समितीत पास व्हायचं नाही, बाबा.

बाबा : राहू दे मग. ज्याला ऐकू यायचं त्याला येईल.