शॉकअपला जळकं ऑइल

...आणि माणूस वाळूवर गाडी घालतोच कशाला, मी विचारतो! ह्या देशात रस्ते कमी पडले? सुनीती, मला म्यूट करू नकोस हां, ह्या ऑनलाइन दिवाळीच्या कार्यक्रमात दोन मिनिटं दिलीयस ना, मग बोलणार मी. बाकी तुम्ही सगळे स्क्रीनवर आपापल्या खिडकीत गप बसलायत, ते बरंय.

तर तुम्हाला सांगतो, मी चौथी नापास, पण कोकणात एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपलेला माणूस. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आलो इथं सातासमुद्रापार क्रेगीबर्नला, लेकाकडं, हृषिकेशकडं. आल्या आल्या ह्यांनी मला समुद्र दाखवायला नेलं. मला! कोकणातल्या माणसाला समुद्र! आणि गाडी थेट लाटांत घातली. म्हटलं, "अरे खारं पाणी, घरी गेल्यावर खालून धू." तर हृषिकेश, "बाबा, चिल! इथल्या गाड्या वेगळ्या असतात." वेगळ्या म्हणजे? इथं लोखंड काय चांदीचं असतं? पण म्हटलं, जाऊ दे. मला काय, मी तीन महिन्यांचा पाहुणा!

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. विमानं बंद, दारं बंद, पाच किलोमीटरच्या पलीकडं जायचं नाही. हृषिकेश बेडरूममध्ये दिवसभर लॅपटॉपशी बोलतोय, आणि आमची सून चारुता नर्स, ती तीच गाडी घेऊन रोज हॉस्पिटलात. इथं सगळं उलटं, हिवाळा जुलैत; तर जुलैच्या थंडीत एकदा गाडी ड्राइव्हवेवर चढली आणि... कुंईऽऽ! वाकून बघतो तर मागच्या दोन्ही शॉकअपवर, धक्के झेलणाऱ्या त्या नळ्यांवर, गंजाचे लाल पापुद्रे. आता ही पोरगी अंगात तो प्लास्टिकचा झगा चढवून रोग्यांत उभी राहते, आणि तिची गाडी फ्रीवेवर दगा देणार? मी घरात बसलेला असताना?

काढलं इंजिनातलं जुनं, जळकं ऑइल! आमच्याकडं पावसाळ्याआधी गाडीखालच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तेच फासायचो. पाट्यांना बरं का, शॉकअपला नाही! पण एकतीस वर्षांचा हात एकदा सुटला की थांबतोय कुठं... फासलं सगळीकडं, शॉकअपमधनं आत-बाहेर सरकणाऱ्या त्या चकचकीत रॉडलासुद्धा. कुंपणावरून शेजारचा टोनी ओरडतोय. इटालियन म्हातारा, माझ्याच वयाचा, तोही मेकॅनिक आणि माझ्याइतकाच आगाऊ. "नो मेट, नो! नॉट द रॉड!" मी म्हटलं, "यू गो! आय थर्टी वन इयर!" मला शिकवतो!

महिन्याभरात त्या तेलाला धूळ चिकटली, धुळीनं रॉडभोवतीचं रबरी सील खाल्लं, शॉकअपमधलं तेल गळून गेलं आणि गाडी बैलगाडीसारखी डुलायला लागली. चारुता बारा तासांची शिफ्ट करून आली, गालावर मास्कचे वळ, म्हणाली, "बाबा, फ्रीवेवर गाडी जरा हलते हो." सांगितलं, माझ्यामुळं हलते! आता बोल काय बोलायचं ते! तर म्हणते, "नो वरीज, बाबा. तुम्ही निदान खाली वाकून बघितलंत तरी. बाकी कुणी बघितलं?" शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो...

सकाळी कुंपणाशी गेलो. टोपी काढली. "टोनी, यू राइट. आय डाँकी." तो हसला नाही, तेवढं पुण्य त्याच्या नावावर. नवे शॉकअप मागवले, ते दारात आले. टोनी कुंपणापलीकडं स्टुलावर बसून मास्कातून ओरडतोय, मी गाडीखाली. त्याचं इंग्रजी इटलीचं, माझं एसटीचं, पण नट कुठल्या बाजूनं फिरवायचा ह्याला इंग्रजी कशाला लागतंय? काम झाल्यावर त्यानं कुंपणावर एक डबा ठेवला, दीड मीटर मागं सरकला आणि म्हणाला, "शीप!" मेंढीच्या लोकरीचं तेल! हुंगलं तर थेट भिजलेल्या घोंगडीचा वास. आधी गोड्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग हे तेल बाहेरच्या नळीला, ब्रॅकेटला, बोल्टांना, आणि... "नो रॉड!" दोघं एकदम ओरडलो.

तेव्हापासून दर रविवारी मी गाडीला खालून पाणी मारतो आणि टोनी वरून चुका काढतो. मी कशाला पाणी मारू म्हणा, मला काय, मी तीन महिन्यांचा पाहुणा! पण तुम्हाला सांगतो, त्या गाडीनं परत एक दिवस दगा दिला नाही. दुसरा लॉकडाउन, चौथा, सहावा... चारुता रोज गेली आणि रोज घरी आली. रोज आली हो! ह्याच्यापुढं माणसानं आणखी काय मागायचं?

आता विमानं सुरू झालीत म्हणे. परवा हृषिकेश विचारतो, "बाबा, तिकीट बुक करू?" म्हटलं, कर की! मला काय, मी तीन महिन्यांचा पाहुणा, एकवीस महिने झाले तरी! फक्त तो डबा तेवढा संपू दे, उघडलेला डबा टाकून जाणारा माणूस नाही मी. बोटभर राहिलं होतं हो तळाला, बोटभर... आणि काल तो टोनी, लेकाचा, कुंपणावर वीस लिटरचा ड्रम ठेवून गेला!