रीत नाही, पुन्हा लिही

...पाच जणांनी मिळून पाऊण तास घेतला आणि मला म्हणे दोन मिनिटं! हा कुठला न्याय? असो. माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, शिक्षकवर्ग, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले पालकहो, नमस्कार. या शाळेचे गणवेश मी शिवते. तिसरीच्या पुढं शाळा पाहिली नाही, तेव्हा येईल तसं बोलणार.

आज निरोप आहे त्या गणिताच्या सरांना सगळे म्हणाले, फार प्रेमळ. कुठून प्रेमळ? माझी मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी. लढाई सुरू झाली आणि ही अधिकारी व्हायला प्रशिक्षणाला गेली. दुसऱ्याच महिन्यात तिचं पत्र आलं. मला दोन ओळी, ‘मी बरी आहे, तब्येत जप.’ सरांना चार पानं, त्यांनीच मला वाचून दाखवली! पाय सोललेत, आवाज चढत नाही, हुकूम दिला की तुकडीतले हसतात, सोडून येते.

तुम्ही काय केलं असतं? धीर दिला असता. सरांनी लाल पेन काढलं. वेलांट्यांच्या सात चुका, आणि खाली शेरा : ‘उत्तर आहे, रीत नाही. पुन्हा लिही.’ आणि तिचं पत्र तिलाच परत!

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. म्हटलं, “पोरगी तिकडं रडतेय आणि तुम्ही वेलांट्या कसल्या मोजताय? घरी बोलवा तिला.”

“कारण?”

“कारण काय कारण! आई आहे मी तिची.”

“कारण बरोबर आहे, बाई. पण ते तुमचं झालं. तिचं कुठंय?”

चहा न घेताच उठले मी.

पोरीनं तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा परत. चौथ्यांदा लिहिते, ‘सर, कारण सापडत नाही. आणि आज कोणी हसलं नाही.’ दहापैकी साडेसहा दिले! वर मला ऐकवतात, “अक्षर सुधारलंय.”

हसा, हसा. मीही हसले होते. पण गेल्या मंगळवारी पाचवं पत्र आलं. तिच्या आधीच्या तुकडीतली मैत्रीण प्रशिक्षण संपवून आघाडीवर गेली होती, ती मारली गेली. पुन्हा तेच, सोडून येते. सर म्हणाले, “या वेळी पानभर रीत आहे, एकही चूक नाही.” मी विचारलं, “मग?” तर म्हणाले, “बघतो.” आणि पत्र खिशात! तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, आणि बघतो? रविवारी लेकाकडे कायमचे निघालेत, तरी पत्र खिशातच.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, तुमचे उपकार. शब्द कुठं घट्ट बसला असेल तर तेवढी शिवण उसवून टाका.

पण सर, शनिवारी टपाल निघतं. तिचं बरोबर असेल तर बरोबर लिहा, मी स्वतः जाऊन तिला घेऊन येते. चुकलं असेल तर कुठं चुकलं ते दाखवा. कोरं मात्र ठेवू नका, ती तिथं रोज टपालाच्या खिडकीशी उभी असते. शुक्रवारी दुकान बंद ठेवून मी तुमच्या दारात येतेय. संध्याकाळी पाचच्या आत मला उत्तर हवं.