साउकाकूंच्या शेगडीतला विस्तव

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या गल्लीचे प्रमुख माननीय क्वेसाहेब, वॉर्डाच्या महिला संघातर्फे अगत्यानं आलेल्या न्हुंगताई, आज कॉफीच्या दुकानातून निवृत्त होणाऱ्या आमच्या साउकाकू, आणि प्लास्टिकच्या स्टुलांवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गल्लीकर बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना या लाम न्हाव्याचा नमस्कार.

क्वेसाहेब, मघापासून तुम्ही नाक वर करून हुंगताय, ते दिसतंय मला. काही जळत नाहीये. म्हणजे जळतंय, पण ते नंतर सांगतो. बसा.

मी या प्रसंगासाठी झकास भाषण लिहिलं होतं. 'न विझलेली आग' असं नावही दिलं होतं. आपल्या चोलोन पेठेतल्या दुसऱ्या कुठल्या गल्लीला सांगता येतं का हो, की आमच्या कॉफीवालीच्या शेगडीतला विस्तव तिच्या सासऱ्यांच्या काळापासून धगधगतोय? पूर आले, लढाई झाली, शहराचं नावसुद्धा बदललं, विस्तव तसाच! नव्या घरात आधी पेटती शेगडी न्यायची, हा आपला रिवाज. आणि तो निखारा साउकाकूंकडूनच न्यायचा, हा या गल्लीचा. मीही नेलाय. लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा मडक्यात निखारा घेऊन मी पुढे, बायको फान मागे, अशी आमची वरातच निघाली होती.

ते भाषण आता खिशात आहे आणि खिशातच राहणार.

आज सकाळी नेहमीसारखा कॉफी प्यायला गेलो. काकू शेगडीसमोर बादली घेऊन उभ्या. मला वाटलं, फरशी धुतायत. आणि मंडळी, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी अख्खी बादली शेगडीत ओतली! फस्सकन वाफ आली, राख माझ्या तोंडावर. देवळातली मूर्ती कुणी विहिरीत टाकावी तसं वाटलं.

"काकू! वेड लागलं का तुम्हाला?"

"लागलं. बाजूला हो, चपला भिजतील."

मागे त्यांची सून तुयेन उभी होती. उद्यापासून दुकान जिच्या हाती जायचं ती. चेहरा पांढराफटक. मी तिच्यावरच घसरलो. म्हटलं, "हे तुझंच डोकं असणार! महाराणींना गॅसची शेगडी हवी असेल! सासूनं जन्मभर जपलं, आणि तू एका दिवसात पाण्यात घातलंस?"

तर काकू हसायला लागल्या. "बघितलंस तुयेन? बादली माझ्या हातात, आणि शिव्या तुला. म्हणून तर ओतली."

मग कळलं ते असं. तुयेन पिशवी भरून बसली आहे, भावाकडे, कान थो शहरात जायला. तिथं शिवणाच्या कारखान्यात काम मिळतंय. कॉफीची तिला भीती नाही. कापडाची लांब गाळणी उकळत्या पाण्यात घोळवणं, मातीच्या भांड्यात कॉफी मुरवत ठेवणं, सगळं तिच्या हातात बसलंय. ती काकूंना म्हणाली होती, "आई, कॉफी बिघडली तर दुसरी करीन. पण आग माझ्या हातून विझली, तर ही गल्ली मला मरेपर्यंत नावं ठेवील." आणि ती गेली की दुकानाला कुलूप. मग आपण बसणार कुठे? कोपऱ्यावरच्या त्या एसीवाल्या दुकानात? तिथं कॉफी बशीत ओतली की पोरं आपले फोटो काढतात!

तरी माझा हेका चालूच. "पण काकू, इतक्या वर्षांची आग!"

"कसली इतक्या वर्षांची? कितीदा विझली ती."

"काय?"

"नवी नवरी होते तेव्हाच माझ्या हातून विझली. सासरे उठायच्या आत शेजारणीकडून विस्तव आणला. मग पुरात विझली, बाळंतपणात विझली. तू निखारा न्यायला आलास त्या दिवशीही विझलीच होती."

"मग मी नेला तो?"

"तो पलीकडच्या भातवालीच्या चुलीतला. तू मडकं विसरलास म्हणून घरी पळालास ना, तेवढ्यात तुझ्या फाननं आणून दिला."

मंडळी, हसू नका. माझ्या संसाराचा पाया भातवालीच्या चुलीत निघाला! तसाच घरी गेलो. म्हटलं, "फान, तुला हे ठाऊक होतं?" ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणते, "सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

"बायकांना."

माझा अजून विश्वास बसत नाहीये. तेव्हा न्हुंगताईंची परवानगी घेऊन एक विचारतो. ज्या ज्या बायकांनी साउकाकूंना कधी गुपचूप विस्तव दिलाय, त्यांनी हात वर करावेत.

अरे बापरे! करा, खाली करा. क्वेसाहेब, मागे वळू नका, तुमच्या मातोश्रींचाही हात वर आहे. आणि न्हुंगताई, तुम्हीसुद्धा? हो की, तुम्ही या गल्लीच्या माहेरवाशीण, विसरलोच मी.

म्हणजे आम्ही पुरुष मंडळी एका आगीच्या फुशारक्या मारत बसलो, आणि त्या शेगडीत गल्लीतल्या घराघरातला विस्तव जात होता. आम्हाला कुणी का नाही सांगितलं? मी सकाळी तुयेनला जे बोललो, त्यातच याचं उत्तर आहे. लाज वाटते मला.

काकूंनी तिला एवढंच सांगितलंय, "शेगडी थंड आहे. जायचं तर जा, तुला कुणी बोलणार नाही. राहायचं तर विस्तव तुझा तू आण." ती बघा शेवटच्या रांगेत बसलीय, पिशवी मांडीवर घेऊन.

आता क्वेसाहेब, तुमच्या त्या वासाचं. या टेबलाखाली दुधाच्या डब्यात, राखेत झाकून एक निखारा आहे. दाढीचं पाणी तापवतो ना, त्या माझ्या शेगडीतला. तुयेन, पुढे ये पोरी. सकाळचे शब्द मी मागे घेतो. हा धर. विझला तर पुन्हा ये. रोज विझला तर रोज ये.

काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल.

मंडळी, ती म्हणते, "काका, एवढ्याशा निखाऱ्यानं काय होतंय? आणखी कोण देतंय?"

अहो, फान उठली! मातोश्री उठल्या! थांबा, थांबा, हार घालायचा राहिलाय अजून! गेल्या सगळ्या आपापल्या चुलींकडे. बरं, उरलेल्या सज्जनांनो, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. या न्हाव्याची जीभ वस्तऱ्यासारखी घसरली असेल, कुणाला ओरखडा उठला असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. क्वेसाहेब, तेवढं दार उघडा, तुयेनचे दोन्ही हात गुंतलेत. तिची पिशवी मी आणतो मागून.

आणि साउकाकू, तुम्ही कुठे उठलात? बसा. आजपासून तुम्ही गिऱ्हाईक.