उजव्या कानातलं पाणी

माझं नाव सुदाम. गाव पिशोर, पन तिथं मी सोळा वर्सांचा होईस्तोवरच राहिलो. आमचे आबा दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे, आन् मला खोड अशी की कोनाच्या विहिरीवर पंप सुरू झाला की तिथं जाऊन बसायचं, ह्याच्या आत काय फिरतं ते पाहाया. आबा म्हनले ह्याला रानात ठिवून काय फायदा नाय, आन् मला हर्सूलला रशीद उस्तादच्या हाताखाली घातलं, मोटार भरायच्या दुकानात. जळालेली मोटार खोलायची, जुनी तार काढायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे. उस्ताद म्हनायचे, बेटा, पहले सुन, बाद में खोल. पेचकसाचं, म्हंजी स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला, आत काय बिघडलंय ते आवाजच सांगतो. तीस वर्सं मी कानावरच जगलो म्हना ना.

तीन वर्सांमागं मला ताप आला आन् तो मेंदूत गेला. अकरा दिवस दवाखान्यात होतो, त्यातलं मला काय बी याद नाय. शुद्धीवर आलो तर कमल, माझी बायको, समोर बसलेली, तिचं तोंड हलतंय पन आवाज नाय. मला वाटलं रडून रडून हिचा घसा बसला. मंग नर्सबाईचं तोंड हललं, तिचाबी आवाज नाय. तवा समजलं, घसा तिचा नाय बसला, कान माझे गेले.

कमलनं पाटी आनली. ती सातवी शिकलेली, अक्षर बारीक, तेव्हापासून आमचं सगळं बोलनं पाटीवर. माझा थोरला भाऊ पिशोरहून आला, त्यानं लिहिलं, अशक्तपना हाय, दोन महिने थांब, येईल ऐकू. काय सांगू तुम्हाला, मलाबी तेच वाचायचं होतं. गावाकडं गेलो, कानात तेल घातलं, शेक दिला, पाच आठवडे गेले. कमलला मात्र चैन नव्हतं. तिनं दवाखान्यातून सुटतानाचा कागद पुन्हा काढला, तर त्यात खाली लिहिलेलं, कानाच्या डॉक्टरला लगेच दाखवा. आमच्यापैकी कोनी तिथवर वाचलंच नव्हतं. भावाशी भांडली ती. काय बोलली ते मला ऐकू आलं नाय, पन भाऊ खाली मान घालून बसला येवढं दिसलं, आन् दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात.

कानाच्या डॉक्टर मॅडम होत्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी पाटी घेतली आन् लिहिलं, ह्या तापानंतर कानाच्या आत हाड भरत जातं. ऐकू यायला कानात मशीनची तार बसवावी लागेल, पण हाड भरलं की ती आत जात नाही. किती भरलं ते आधी बघू. मी म्हनलं कसं बघनार, कान फोडून? हसल्या. लिहिलं, फोटो काढून.

एक फोटो लगेच झाला, दुसरा मोठ्या लोहचुंबकाच्या मशीनमधला. तिथल्या मानसानं लिहून विचारलं, डोळ्यात कधी लोखंडाचा कन गेलाय का? मी म्हनलं ग्राइंडरवर काम करतो, गेला असंल. तर आधी माझ्या डोळ्यांचाच फोटो! लोहचुंबकानं कन ओढला तर डोळा जातो म्हने. मला तर लई मजा वाटली, आयुष्यभर मोटारीत लोहचुंबक पाहिलं, आता आपनच त्याच्या आत निजायचं. मशीन लई मोठा आवाज करतं म्हनून कानात बोळे घातले. मला हसू आलं, बहिऱ्याला बोळे! आवाज नाय आला, पन थरथर पाठीतून समजत होती. पडल्या पडल्या मी अंदाज करत होतो, आता चालू केलं, आता बंद केलं.

मंग मॅडमनी कॉम्प्युटरवर दाखवलं. गोगलगाईच्या शंखासारखं काहीतरी, हरभऱ्यायेवढं असतं म्हने खरं. मी विचारलं वेढे किती? त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हा काय विचारतो म्हनून. लिहिलं, अडीच. अडीच वेढ्यांत सगळी दुनिया ऐकू येती, आन् मी एका मोटारीत शेकड्यांनी भरतो! मंग त्यांनी बोट ठिवलं. शंखात पानी भरलेलं असतं, ते फोटोत पांढरं दिसतं; उजवीकडं पांढरा शंख दिसत होता, तोंडापाशी जरा बारीक झालेला. पलीकडं मेंदूकडं जानारी शीर, तीबी बराबर. डावीकडं बोट ठिवलं, तिथं शंख असायची जागा काळी. हाड. मी लिहिलं, पाच आठवडे आधी आलो असतो तर? त्यांनी पाटी आपल्याकडं ओढली. मंग लिहिलं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. उजव्यात वाट आहे. उशीर करू नका.

आठ दिवसांत ऑपरेशन झालं. तार सगळी आत गेली. महिन्याभरानं बाहेरचं मशीन लावून चालू केलं, तर काय, पत्र्यावर खडे पडल्यासारखं. कमल बोलतीय आन् मला पत्रा ऐकू येतोय. मी रडलो हो. मॅडमनी पाटीवर लिहिलं, मेंदूला नवी भाषा शिकू द्या. रोज कमल पेपर वाचायची, मी त्याच ओळीवर बोट ठिवून ऐकायचो. सहा महिन्यांनी एक दिवस ती सैपाकघरातून म्हनली, चहा घेता का, आन् मी तिच्याकडं न पाहता व्हय म्हनलं. ती पातेलं हातात घेऊनच दाराशी आली आन् पुन्हा म्हनली, चहा घेता का?

आता मी दुकानात बसतो. मोटारीचा बारीक आवाज पहिल्यासारखा समजत नाय, त्याला हाताची मदत लागती, चालतंय. मागच्या महिन्यात तपासायला गेलो तर खुलताबादची एक बाई दोन वर्सांची पोर घेऊन बसलेली. जनमापासून ऐकू नाय. झोपेचं औषध देऊन पोरीला फोटोला आत न्हेलेलं, आन् माय दाराकडं पाहत. मला म्हनली, भाऊ, त्या फोटोत काय वाईट निघंल का? मी म्हनलं, ताई, वाईट निघालं तर समजंल, चांगलं निघालं तर वाट समजंल, न पाहता मात्र काय बी समजत नाय. तासाभरानं मॅडम आल्या. दोन्ही शंख चांगले, दोन्ही शिरा हायेत. मायनं लगेच विचारलं, मंग ऑपरेशन कधी?

पोरीचं ऑपरेशन ह्याच महिन्यात हाय. मला तरी याद होतं आवाज काय असतो ते, तिला तर तेबी मालूम नाय. पहिला कोनता आवाज ऐकंल ती, आन् तोंड कसं करंल, हेच आजकाल मनात येतं. मायचाच असू द्या म्हनावं, बस.