चित्राखालची कोरी पट्टी

हे बघा, तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे, हे मला विचारूच नका. लोणावळ्यात माझ्या पहिल्याच प्रदर्शनात त्यावरून चांगली जिरलीय माझी.

चित्रांवर लिहिणाऱ्या एक बाई पुण्याहून आल्या होत्या. चार ओळी बऱ्या लिहितील म्हणून मी नवा कुर्ता घालून त्यांच्या मागे मागे फिरत होतो. त्या म्हणाल्या, "प्रत्येक चित्रात खाली ही कोरी पट्टी आहे. हे मौन कुठून आलं?"

मी म्हटलं, "सह्याद्रीच्या धुक्यातून. शिवाय जपानी चित्रकलेचा अभ्यास आहे ना माझा!"

बाईंनी "वा!" म्हणत लिहून घेतलं.

तेवढ्यात रशीदचाचा आले. हे सोमाटण्याचे पेंटर. कॉलेजात असताना सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली दुकानांचे बोर्ड रंगवलेत. मीच आग्रहानं बोलावलं होतं. हात मागे बांधून त्यांनी सगळी चित्रं पाहिली आणि बाईंच्या देखत माझ्या पाठीत थाप मारली.

"लय भारी रं! पर खाली मोबाईल नंबरला जागा सोडायची सवय काय अजून गेली न्हाई तुझी."

बाईंनी माझ्याकडे पाहत वहीतलं धुकं खोडलं. मग जपान खोडला.

पुढे एक चित्र मी चाचांना भेट दिलं. त्यांनी ते दुकानात लावलंय आणि पट्टीत लालभडक रंगात स्वतःचा नंबर टाकलाय. राग त्याचा नाही हो. तो नंबर तिथे शोभतोय, याचा राग येतो.