मुनव्या काही मरेना

...आणि मला सांगा, आगीने राक्षस मरतो हे जर राक्षस सोडून सगळ्यांना आधीच माहीत असेल, तर त्या राक्षसाने करायचं काय? उभं राहायचं आणि जळायचं, एवढंच ना? आमच्या नरहरीचा पहिला राक्षस तसाच गेला. चहा यायच्या आत गेला, तुम्हाला सांगतो, आणि बिचाऱ्या नरहरीने त्याच्यासाठी आठवडाभर डोकं खपवलं होतं, बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात पाळीवर उभं राहून खपवलं होतं.

थांबा, तुम्हाला मुळातून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कुठल्या राक्षसाबद्दल बोलतोय. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. सातपाटीचा बळवंत, त्याचा भाऊ बोटीवर खलाशी, त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून एक खोका आणला, वर भाला घेतलेला माणूस आणि ड्रॅगन, आणि बळवंतला वाटलं सापशिडीसारखं काहीतरी असणार. उघडतो तर आत इंग्रजी पुस्तकं आणि चित्रविचित्र फासे, एकाला चार तोंडं, एकाला आठ, एकाला तर चक्क वीस. बळवंत खोका उलटा करून झटकतोय, "आरे पन पट कुटे हाय? सोंगट्या कुटे हायत?" पट नाहीच. पट डोक्यात. एकाने गोष्ट सांगायची, समोर काय आलं ते सांगायचं, बाकीच्यांनी आपापलं एक सोंग घ्यायचं आणि मी हे करतो, मी ते करतो म्हणायचं, आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. गोष्ट सांगायला कोण? नरहरी. कारण पुस्तक पहिल्यांदा धीराने वाचलं त्याने.

खेळ चालायचा दर रविवारी दुपारी माहीमला, म्हणजे आपल्या पालघरच्या माहीमला, मुंबईच्या नव्हे, कमलाकांतच्या घरी. कमलाकांत हा नरहरीच्याच कारखान्यातला, घरची केळी-नारळाची वाडी, घरात आई नर्मदाकाकू आणि धाकटी बहीण विजया. ही विजया पालघरच्या टेलिफोन एक्स्चेंजात कामाला, दिवसभर कानाला ते लावून "बोला, बोला, लाइन लागली" म्हणणारी, तीही खेळायला बसायची. बळवंत खेळात वैद्य झाला होता, कमलाकांत पैलवान, आणि विजया तांडेलीण, होडी हाकणारी. बळवंत म्हणाला, "मी कोळी आन् होडी हिच्याकडं?" ती म्हणाली, "बळवंतदादा, आठवडाभर होडीतच असता ना? मग रविवारी तरी जमिनीवर या."

आता नीट ऐका. बळवंतला ती बळवंतदादा म्हणायची. नरहरीला मात्र दादा नाही, भाऊ नाही, नुसतं 'तुम्ही'. या नुसत्या 'तुम्ही'वर त्या माणसाने दोन वर्षं काढली. दोन वर्षं. काही बोलला? छे. बोलायला फासा लागतो का माणसाला?

असो. तर राक्षस. त्या पुस्तकात एक राक्षस होता, त्याला कितीही तोडा, पुढच्या खेपेला जखम भरून येते, फक्त भाजलेली जखम भरत नाही. नरहरीला तो भारी आवडला. पण नरहरी पाळीवर असताना पुस्तक कमलाकांतने वाचून काढलेलं, आणि गुहेच्या तोंडाशीच त्याने जाहीर केलं, "मी मशाल पेटवतो." राक्षस दिसायच्या आधी मशाल. खलास. नर्मदाकाकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मेला का रे तुमचा राक्षस?"

"मेला."

"एवढ्यात? माझी कोंबडीसुद्धा याहून जास्त पळते."

हे नरहरीला लागलं. म्हणाला, राक्षस कठीण पाहिजे. मग पुढच्या रविवारी त्याने काय केलं, राक्षसाची जखम दुप्पट भरायला लावली. बळवंतने मारलं, भरलं. विजयाने मारलं, भरलं. पुन्हा मारलं, पुन्हा भरलं. तुम्ही विहिरीतून पाणी काढताय आणि कोणीतरी पलीकडून तेवढंच ओततंय, असं किती वेळ चालवून घ्याल? कमलाकांत तक्क्याला टेकला, मग कलंडला, मग घोरायला लागला. काकू आल्या. "मेला का?"

"नाही."

"मग हा का असा पडलाय?"

तर सांगायचं काय, नुसतं भरून येणं म्हणजे कठीण नव्हे, ते कंटाळवाणं. हे नरहरीला कळलं, पण मग कठीण म्हणजे काय ते कळेना. आणि ते कळलं वाडीत. विजया त्याला शहाळं द्यायला मागे घेऊन गेली होती, तिथे घड उतरवलेली केळ तोडून टाकलेली, आणि बुंध्याच्या बाजूने गुडघाभर पिल्लू वर आलेलं. मुनवा म्हणतात त्याला. विजयाने त्याला पायाने जरा ढोसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हे बघा. वरून कोयता घालून काय होतंय? खाली कंद आहे तोवर हा येतच राहणार." आणि नरहरी शहाळं हातात घेऊन तिथेच उभा. पाणी पितच नाही. ती म्हणाली, "काय झालं?" हा म्हणाला, "मिळाला." आणि राक्षसाचं नाव पडलं मुनव्या.

हा मुनव्या मात्र राक्षस होता हो. गुहेत नाही राहायचा, खाडीत राहायचा, अंगभर ओला चिखल, मशाल लावली की फुस्स. आणि शहाणा. दोन घाव खाल्ले की अडून बसायचा नाही, सरळ पाण्यात बुडी. इकडे या तिघांच्या जखमा वाहतायत, वैद्यबुवांचा पाला संपत आलाय, जरा पाठ टेकावी म्हटलं तर हा तिवरांतून परत हजर, कोरा करकरीत. समजलं? त्याचं भरून येणं मोठं नव्हतं, यांचं भरून येत नव्हतं हे मोठं. आणि खाडीपलीकडे एक गाव, उधाणाची भरती चढायच्या आत तिथली माणसं होडीतून काढायची, म्हणजे दम खायला वेळ नाही. मारत बसलात तर गाव बुडणार, गाव काढायला गेलात तर हा मागून येणार. कमलाकांत झोपायचा बंद झाला. बळवंत सोमवारी मासळी उतरवताना लोकांना मुनव्याबद्दल सांगायला लागला. आणि काकू दर रविवारी चहाबरोबर, "मेला का रे?"

"नाही काकू."

"चांगला चिवट आहे मेला."

नरहरीचा असा सोन्यासारखा काळ चालला होता, आणि भाद्रपदात विजयाचं लग्न ठरलं. मुलगा बडोद्याचा, नोकरीवाला, माणसं चांगली. नावं ठेवायला जागा नाही, हीच तर पंचाईत. कमलाकांतने पेढा पुढे केला आणि म्हणाला, "मार्गशीर्षात आहे. त्याच्या आत तुझी गोष्ट संपव रे, म्हणजे हिला शेवट कळेल." नरहरीने पेढा खाल्ला. म्हणाला, "छान." एवढंच. कमलाकांतला काही कळत नव्हतं का? कळत असेल. भावांना कळतं सगळं. पण भाऊ तक्क्याला टेकून डोळे मिटतात.

आणि मग राक्षस मरेना.

म्हणजे मरायला टेकायचा, आता एक घाव की आडवा, आणि नरहरी आपले फासे लपवायला उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे बघायचा आणि म्हणायचा, "भरली जखम." ज्यातून तो परत उगवायचा तो चिखलातला कंद शोधला, जाळला. तर दुसरा कंद निघाला. तो जाळला, तर खाडीच्या वळणावर तिसरा. बळवंत वैतागला. "आरे किती कंद हायत याला? राक्षस हाय का सुरनाचं शेत?" नरहरी म्हणाला, राक्षस कठीण पाहिजे. दसरा गेला, दिवाळी गेली. घरात पापड लाटले जातायत, साड्यांच्या घड्या पडतायत, पाहुणे येऊन जातायत, आणि पडवीत मुनव्या जिवंत. काकूसुद्धा आता जरा वेगळ्याच आवाजात विचारायच्या, "मेला नाही अजून?"

एका रविवारी बळवंत आणि कमलाकांत शहाळी पाडायला मागे गेले, आणि विजया बसल्या जागेवरून म्हणाली, "तुम्ही त्याला वाचवताय."

नरहरी म्हणाला, "कोणाला?"

"मुनव्याला. दोन रविवारांपूर्वीच मेला असता तो. मी मोजत नाही, पण मला कळतं."

हा फासे गोळा करायला लागला. गोळा केलेलेच होते, ते परत गोळा करायला लागला. म्हणाला, "कठीण असला म्हणजे मजा येते."

"कठीण नाहीये तो," ती म्हणाली. "तो फक्त मरत नाहीये. आधी भीती वाटायची त्याची. आता नाही वाटत, आता माहीत असतं की काहीही केलं तरी पुढच्या रविवारी तो आहेच." मग थोडं थांबली. दिवसभर लोकांच्या लाइनी जोडून देणारी मुलगी ती, थांबायची कुठे हे तिला ठाऊक. "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

बघा आता. याहून सोपं कोणी करून द्यायचं? वैद्य बाहेर, पैलवान झाडाखाली, आई चुलीपाशी. आणि नरहरी काय म्हणाला ठाऊक आहे?

"पुढच्या वेळी फासे उघड्यावर टाकीन."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टाका. मला हरवा हवं तर. पण खरं खेळा."

शेवटचा रविवार. आडोसा काढलेला. मुनव्याचा जीव किती, जखम किती भरते, सगळं सगळ्यांसमोर. आणि तुम्हाला सांगतो, तो इतका कठीण कधीच नव्हता, कारण आता तो मरू शकत होता आणि हेही मरू शकत होते. विजयाने बेत काढला. ओहोटीला त्याच्या कमरेला दोर टाकायचा, होडीने ओढून त्याला सुक्या रेतीवर काढायचा, आणि अंगावरचा चिखल वाळेपर्यंत तिथेच धरून ठेवायचा. तोवर बळवंतने लांब वळणावर जाऊन शेवटचा कंद खणायचा, आणि चिखल वाळला की कमलाकांतची मशाल. पण दोर कोणी धरायचा? ज्याची होडी त्याने. म्हणजे हिने. आणि धरणाऱ्यावर मुनव्या तुटून पडणार.

पडला. एकदा लागलं, दुसऱ्यांदा चुकलं, तिसऱ्यांदा वर्मी लागलं. चिखल अजून ओला.

नरहरी म्हणाला, "दोर सोडता का?"

"नाही."

"सोडला तर तो पाण्यात जाईल, एवढंच. तुम्ही वाचाल. पुढच्या रविवारी परत..."

"पुढचा रविवार नाही," विजया म्हणाली.

मग नरहरीने मुनव्याच्या पुढच्या घावाचा वीस तोंडांचा फासा उघड्या चटईवर टाकला. तो घरंगळत कमलाकांतच्या पायापाशी गेला, आणि जे तोंड वर यायला नको तेच वर आलं. पुठ्ठा असता तर एका शब्दाचं काम होतं, "चुकलं." पण पुठ्ठा नव्हता, आणि शब्द दिलेला होता.

तांडेलीण पडली. दोराचा पीळ तिच्या मनगटाला होता, म्हणून दोर सुटला नाही. चिखल वाळला, कमलाकांतने मशाल लावली, मुनव्या पेटला, आणि या खेपेला जखम भरली नाही.

बळवंत म्हणाला, "आता मी हिला बरी करतो. मी वैद्य हाय ना?"

"तू कंद खणायला गेलायस," नरहरी म्हणाला. "पोचणार नाहीस."

"कोन बोलला नाय पोचनार? मी पलतो. टाक फासा."

"बळवंत, लांब आहेस रे."

बळवंत तोंड फिरवून बसला. खोट्या बाईसाठी सातपाटीचा धिप्पाड माणूस असा बसलेला मी तरी ऐकला नव्हता. विजया हसली, मग पदराने डोळे पुसले. "असू दे, बळवंतदादा. चांगला होता राक्षस." आणि नरहरीकडे बघून, "आज कठीण होता."

नरहरीला वाटलं, तांडेलिणीसाठी रडतेय. माणसाने किती बावळट असावं?

काकू आल्या. चटईवर बघितलं, चौघांच्या तोंडांकडे बघितलं. "मेला एकदाचा? बरं झालं. आता उठा आणि मांडवाचे बांबू आलेत ते उतरवून घ्या." आणि उतरवले हो. वाडीच्या तोंडापासून अंगणापर्यंत एकेक बांबू खांद्यावर घेऊन नरहरीने आणले, आणि लग्नात पंगतीत श्रीखंडही त्यानेच वाढलं, नवरदेवाला आग्रह करकरून वाढलं. नवरदेव म्हणाला, "तुम्ही हिच्या भावाचे मित्र ना?" हा म्हणाला, "हो."

तो खोका मग कोणी काढला नाही. तांडेलिणीवाचून होडी कोण हाकणार? कमलाकांतने कॅरम आणला. रविवार अजून माहीमलाच होतो, चहा येतो, काकू आता काही विचारत नाहीत. नरहरीचा हात बरा आहे, अवघड कोपऱ्यातून राणी बरोबर घेतो. पण राणी घेतली की लगेच एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यावं लागतं, तरच ती आपली. आणि ते कव्हर, अगदी भोकाच्या तोंडाशी असलेलं, हा दर वेळी चुकवतो. बळवंत कपाळाला हात लावतो, "आरे याला कवर घालता येत नाय का कवा?"

नरहरी राणी उचलून परत मधोमध ठेवतो.