ऐकू येईल असा खो

— नाही हो आत्याबाई, मारुतीलाच गेलीय चांगुणा, येईलच आता. शनिवार आहे ना, गर्दी असते देवळात. म्हणजे आमच्या गावात आठ माणसं जमली की तीच गर्दी. तुम्ही टेका ना भिंतीला. तुम्ही पाचच्या एस.टी.नं तिला बघायला येणार म्हणून सगळं पाचच्या बेतानं चाललं होतं, आणि तुम्ही आलात साडेतीनला, कारखान्याच्या जीपनं — नाही नाही, बरंच झालं की. तिच्या आईंना, बनुकाकूंना, चुलीपुढून उठता येत नाही, कुरडया तळायला घेतल्यात, म्हणून मला म्हणाल्या, "इंदे, आत्याबाईंपाशी बस, चार गोष्टी बोल." मला म्हणाल्या. मी वर्गात हजेरीला 'हजर' म्हणते तेसुद्धा सरांना ऐकू जात नाही, दोनदा गैरहजेरी लागलीय माझी, पहिल्या बाकावर बसून. आणि सर कोण, तर माझेच वडील, दत्तोपंत मास्तर. घरी येऊन विचारतात, आज शाळेत का नव्हतीस गं?

हे होय? हो, हे भरतकाम चांगुणाचंच. 'सुस्वागतम्' आणि दोन मोर. आवडलं? खरंच? तो निळा दोरा शेवगावात मिळेना, मी नगरहून — तिनं नगरहून मागवला. उजवीकडच्या मोराचा एक पाय जरा जाड झालाय बघा, तेवढाच तिनं… हो. पाय तिचा. बाकीचा मोर माझा. दोन्ही मोर. ती म्हणाली होती, "लंगडा झाला गं, आता हा काय नाचतोय." झालं, पहिल्या चार वाक्यांतच मी मोर घालवला. बनुकाकूंना सांगू नका हं.

काय बोलतो आम्ही मैत्रिणी? तसं काही नाही — म्हणजे सगळंच. शाळेत पाण्याची टाकी आहे, तिच्या कट्ट्यावर मधल्या सुट्टीत आम्ही तिघी बसतो, मी, चांगुणा आणि प्रेमला. प्रेमलाचं सगळं ठरलेलं असतं. लग्न वैशाखात, बँड नगरचा, नवरा टेरिलिनचा शर्ट घालणारा, आणि गाव असं पाहिजे की जिथे टॉकीजला पत्र्याचं नाही, पक्कं छप्पर आहे. नोकरी म्हणाल तर दर महिन्याला बदलते. आधी टेलिफोनवर बसणार होती, मग नर्स, आता टायपिंग शिकायचं म्हणते, कारण टायपिंगवालीच्या टेबलावर पंखा असतो. मला विचारतात तेव्हा मी म्हणते, पोस्टात. पोस्टात बरं असतं, जाळीच्या पलीकडून लोकांचे नुसते हात दिसतात, बोलायचं कारण नाही, शिक्का मारला की झालं. त्या दोघी इतक्या हसल्या, प्रेमला कट्ट्यावरून खाली पडली.

चांगुणा? ती तर काय बोलते, विचारू नका. यंदा ऑगस्टमध्ये आपण विलायतेत क्रिकेट जिंकलो ना, तेव्हा शिपाईमामांच्या ट्रान्झिस्टरभोवती अख्खी शाळा गोळा झालेली, आणि ही लांबून म्हणते, "लगीन म्हंजी क्रिकेटच हाय. खेळनारे दोन, बाकीचे दिवसभर बसून बघनारे, अन् मधी जेवन." शिपाईमामांनी तिला हाकललं. मग कट्ट्यावर वाद — प्रेमला म्हणते क्रिकेट राजाचा खेळ, चांगुणा म्हणते, जिथं माणूस चहा प्यायला थांबतं तो खेळच न्हाई. खो-खो बघा, सात मिनिटं श्वास घ्यायला फुरसत नाही, कधी कुणाला उठावं लागेल सांगता येत नाही. हिनं मागच्या वर्षी एका डावात पाच गडी बाद केले, खांबाजवळ अशी झेप घेते ना, गुडघे सगळे — नाही, गुडघे चांगलेत तिचे. आता गेले चार दिवस तर साईचं तेल, आपलं, सायीचं… साय लावतेय.

मी? मी होते की संघात. पंधरा दिवस. मला काढलं. तसं पळता येतं मला. पण खो-खोत नियम आहे — बसलेल्या मुलीच्या पाठीवर मागून हात ठेवायचा आणि 'खो' म्हणायचं, मोठ्यानं. मग ती उठते आणि आपण तिच्या जागेवर बसतो. नुसता हात लावून चालत नाही, आवाज ऐकू आला पाहिजे. माझा कुणाला येईना. मी खो दिला की पुढची उठायचीच नाही, आणि शिट्टी, फाउल. चांगुणा मला विहिरीवर घेऊन गेली, पाण्यात वाकून 'खो' म्हणायला लावलं. विहिरीनंसुद्धा परत दिला नाही. तिनं एकदा म्हटलं तर पारवे उडाले. आता दुसरा डाव संपलाही असेल, जामखेडच्या मुली फार चपळ आहेत म्हणतात, तीनला शिट्टी झाली असेल तर…

… काय म्हणाले मी?

नाही, मारुतीलाच. शेवगावच्या मारुतीला. मैदानाच्या बाजूला आहे तो.

रागावलात? हसताय होय. मला वाटलं सुपारी लागली. मग ऐका आता, लपवून उपयोग नाही, तुमचे डोळे मघापासून माझ्याकडेच आहेत. आज निवडीचा सामना आहे, जिंकल्या तर नगरला जिल्ह्याला जाणार. काकासाहेबांना, तिच्या वडलांना, ठाऊक नाही. बनुकाकूंना ठाऊक आहे, त्यांनीच तिला मागच्या दारानं सायकलवर काढून दिलं, "पाचाच्या आत ये, न्हाईतर मी काय तुझ्या जागी बसू?" म्हणाल्या. तुम्ही पाचला आला असतात तर साडी नेसून पोह्यांची बशी घेऊन आली असती ती. साडीही माझ्या आईची आहे. असू दे.

तो कागद? चंचीतच ठेवलात तुम्ही अजून? हो, तिचीच माहिती आहे ती — मोत्यासारखं अक्षर कुठलं, मला तर 'ण' जमत नाही. जमला नाही तिला. आत्याबाई, ते अक्षर माझं आहे. गावात कुणाचं काही लिहायचं असलं की मला बोलावतात, बोलावं लागत नाही म्हणून मी जाते. काकासाहेब समोर उभे राहून सांगत होते, मी लिहीत होते. रंग गव्हाळ, उंची पाच फूट दोन इंच, आवड भरतकाम, विणकाम आणि देवपूजा. मी लिहिलं. विणकाम — ती सुया फक्त बोरं पाडायला घेते.

आणि एक वाक्य लिहायचं होतं, ते मी नाही लिहिलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी कट्ट्यावर चांगुणानं माझा हात धरला होता. म्हणाली, "इंदे, शेवटाला एवढं लिव — पोरीला मॅट्रिक झाल्यावर पुढं खेळाची मास्तरीन व्हायचं हाय, ते शिकू देनार असाल तर बगायला या. बाबांसमोर माझं तोंड उघडत न्हाई, तुझी लेखनी तरी उघडू दे." मी हो म्हटलं. पण काकासाहेब असे समोर, मिशीवर हात, आणि म्हणाले, "झालं? सही करतो." मी कागद दिला. नंतर तिनं विचारलं, लिहिलंस? मी मान हलवली. मान हलवायला आवाज लागत नाही. तुम्ही येताय कळल्यावर ती किती नाचली, म्हणाली, "बग, वाचूनबी येत्यात, मानसं चांगली हायती." म्हणून दाखवून घ्यायला तयार झाली ती. तिला वाटतंय तुम्हाला ठाऊक आहे. आता ती येईल आणि हसून तुमच्या पाया पडेल, आणि तुम्हाला यातलं काहीच…

हसताय काय आत्याबाई? मी रडकुंडीला आलेय. — काय? तुमच्याकडच्याही? नवरदेवाच्या, रंगनाथरावांच्या, माहितीत 'वाचन व मनन' लिहिलंय, ते त्यांच्या ऑफिसातल्या कारकुनानं? मग त्यांना स्वतःला काय आवडतं? थांबा, थांबा. जीपमधून उतरले तेव्हा डावा पाय जपून टाकत होते. मी खिडकीतून पाहिलं, मुद्दाम नाही, खिडकी उघडी होती. त्यांचे मामा म्हणाले, पायरीवरून घसरला. नाही ना घसरले? … कबड्डी? परवा? कारखान्याच्या संघाकडून? आणि तेही मारुतीला गेले होते म्हणायचे का घरी?

नाही, हसत नाहीये मी. हो, हसतेय.

पण मग ते शिकण्याचं? तुमचं काय म्हणणं — मीच सांगू? सांगितलं की आता. पुन्हा? मोठ्यानं? ओट्यावर पुरुष बसलेत आत्याबाई, काकासाहेब आहेत, भिंतीचं काय, दार सताड उघडं आहे. तुम्ही सांगा ना, तुमचा आवाज चांगलाय. तुम्ही सांगितलं तर तो खो तुमचा होईल, बरोबर. कागद मी लिहिला. बरं. हात धरा माझा. नको, सोडा, हात धरला की आवाज आणखी जातो.

चांगुणाला खेळाची मास्तरीण व्हायचंय. मॅट्रिकनंतर तिला पुढं शिकू देणार असाल तरच ती हो म्हणेल. तिनं हे लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही.

… ओट्यावरचं बोलणं थांबलं. उसाचं चाललं होतं त्यांचं, नाही का? एवढ्या लांब गेला? माझा आवाज?

बनुकाकूंचा झाराही थांबला. कुरडई जळेल त्यांची.

कोण हसलं बाहेर? काकासाहेब असे हसत नाहीत. मामाही नव्हेत. तुम्ही ओळखता हे हसणं? रंगनाथराव? काय म्हणाले ते? "मास्तरीण घरात असली तर…" पुढचं नाही ऐकू आलं. तुम्हाला आलं? सांगा ना. मान हलवू नका, मान हलवलेली मला चालत नाही आता.

आणि ही मागच्या दाराशी सायकल पडली. ऐकलंत? टेकवत नाही ती कधी, टाकते. आत्याबाई, तिच्या परकराला चुना असेल, कोपरं फुटलेली असतील, पायात काही नसेल, तुम्ही तिच्या पायांकडे नका बघू, तोंडाकडे बघा, जिंकलीय की नाही ते तोंडावर… 

अगं, पाठीवरचा हात काढ. घामेजलाय नुसता. केवढ्यानं म्हणतेस, कान गेला माझा. कळलं, उठते.

आत्याबाई, ही चांगुणा. नियम तुम्हाला मघाशी सांगितलाच आहे. बस गं माझ्या जागी. मी झाऱ्याचं बघते.